बळीराम कुंभाराच्या चिलमीची तपासणी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. संध्याकाळी ८.१०

आजपासून नवी वही. जुन्या वहीत दिवाळीनंतर काही लिहिलं नाही, कारण पेन गळत होतं. या वहीचे नियम तीन. रोज लिहायचं. खाडाखोड नाही. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. मी ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, कापडाचा चेकर आहे. ताका टेबलावरून सरकतो तेव्हा डाग, छेद, तुटलेला धागा मला आधी दिसतो, कापड नंतर. एवढी नजर असताना रोजनिशी लिहिणं अवघड नाही.

आज मारुतीच्या ओट्यावर वाईट झालं. भजनाआधी चिलीम फिरते. (फक्त तंबाखूची. दुसरं काही नाही. हे लिहून ठेवलेलं बरं.) चिलीम पेटवण्याचा मान माझ्या वडिलांचा, अप्पांचा, कारण आमच्या लिंबायत वस्तीच्या भजनी मंडळात ते सर्वांत जुने. विस्तव ठेवायचा, खालच्या टोकाला ओला फडका गुंडाळायचा आणि अप्पांनी असा झुरका मारायचा की निखारा लाल झाला पाहिजे. मग ती पुढे सरकते. अकरा वर्षं असंच चाललंय.

आज अप्पांनी पाच झुरके मारले. निखारा काळाच. मग खोकला. चिलीम विझली. तेव्हा मंडळातले सुकदेवकाका अप्पांना म्हणाले, सुपडूभाऊ, तुमचं काही नाही, ही चिलीमच खराब आहे. बळीराम कुंभाराचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही. बाकीचेही म्हणाले, हो हो, राहिला नाही.

मी हे मनावर घेतलं आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.४०

झोप नीट नाही. उठून दोनदा दाराची कडी पाहिली.

विषय असा आहे. बळीराम कुंभार म्हणजे चिलमीतलं मोठं नाव. त्यांचे आजोबा खान्देशात चिलमी करायचे, वडील करायचे, आता ते इथे शहराच्या टोकाला इच्छापोरला राहून करतात. काठाखाली नखाच्या तीन खुणा असल्या की ती बळीरामची, असं लिंबायतमध्ये लहान पोरालाही माहीत. अप्पांची जुनी चिलीम त्यांचीच होती, नऊ वर्षं चालली. ती दिवाळीच्या साफसफाईत फुटली. मी ती धुण्याच्या सोड्यात उकळत होतो. उकळताना तडकली म्हणजे आत आधीच दोष असणार. चांगल्या मालाला पाण्याची भीती नसते.

त्यानंतर सहा नव्या आणल्या. त्याच सहांपैकी एक काल ओट्यावर होती.

निश्चय: या सहांची रीतसर तपासणी करायची. आठ दिवसांत रिपोर्ट.

दुपारी १२.३०

मोठी बहीण रंजनाताई आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहते, घरी बसून साड्यांना लेस लावते, आणि बोलते. म्हणाली, अप्पांचा खोकला दिवाळीआधीचा आहे, त्यांना दवाखान्यात ने. मी म्हणालो, आधी चिलमीचा रिपोर्ट येऊ दे, कारण सापडलं की खोकला आपोआप जाईल. ती म्हणाली, तू दहावीला बसला असतास तर फार मोठा साहेब झाला असतास. दहावीला मी बसलो नाही, कारण त्या वर्षी केंद्र लांब होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तपासणी सुरू. सहा चिलमींना नंबर दिले. किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं. सर्वांत हलकी आणि सर्वांत जड यांत नऊ ग्रॅमचा फरक. कापडात एवढा फरक निघाला तर शेठ पूर्ण लॉट परत पाठवतात. किराणावाला म्हणाला, भाऊ, हाताने केलेली वस्तू आहे. मी शेरा लिहिला: वजनात शिस्त नाही.

तीन फुटांवरून पाडून पाहिलं. क्र. ४ फुटली. शेरा: ठिसूळ. आई म्हणाली, डोकं पाडलं तरी फुटेल रे. आईला टेस्टिंग समजत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७

आता मुख्य टेस्ट, म्हणजे ओढून पाहणं. मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे अप्पांनीच. क्र. १ भरली. रकाने आखले: तारीख, क्रमांक, झुरके, खोकला, नंतरची विश्रांती.

क्र. १. झुरके ५. खोकला आहे. विश्रांती ४ मिनिटं. निखारा काळा.

अप्पा म्हणाले, राहू दे रे भाऊ, कसाले हाई खटपट. अप्पा घरी अहिराणीच बोलतात. मी म्हणालो, अप्पा, तुमच्यासाठीच आहे. ते भिंतीला टेकून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. बोलले नाहीत. बोलायला त्यांना थोडा वेळ लागतो हल्ली. थंडी आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल आमच्या लूमच्या खात्यात दोन पाळ्यांचं कापड एकदम आलं. (खरं तर एकाच पाळीचं, पण पन्हा मोठा होता.)

क्र. २. झुरके ४. विश्रांती ६ मिनिटं.

म्हणजे क्र. २ ही क्र. १ पेक्षा वाईट. एकाच भट्टीतला माल इतका वेगवेगळा. माझा संशय पक्का होत चालला आहे. बसवत नाही. लिहिता लिहिता तीनदा उठून चिलमींच्या रांगेकडे जाऊन आलो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अडचण. सुकदेवकाका घरी आले तेव्हा त्यांना क्र. २ दिली. त्यांनी एका झुरक्यात निखारा लाल केला, धूर छताला लावला आणि म्हणाले, झकास आहे. मी आठवण दिली की शनिवारी तुम्हीच माल खराब म्हणालात. ते अप्पांकडे बघून गडबडले. म्हणाले, हो हो, खराबच आहे, पण चालते.

विचार केला. याचा अर्थ स्पष्ट आहे. सुकदेवकाकांना हलक्या मालाची सवय झाली आहे. आजकाल लोकांना चांगलं काय तेच आठवत नाही. अप्पांना आठवतं, म्हणून त्यांना त्रास होतो.

तुलनेसाठी जुना माल मिळवायला हवा. सुकदेवकाकांच्या पेटीत बळीरामची एक जुनी चिलीम आहे, निदान दहा वर्षांपूर्वीची. मागून घेतली.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९

जुनी चिलीम भरली. मला खात्री होती की अप्पा एका दमात ती फुलवतील. मोबाइलवर व्हिडिओही लावला होता.

जुनी (सुकदेवकाका). झुरके ४. खोकला जास्त. विश्रांती ९ मिनिटं. निखारा काळा.

व्हिडिओ काढून टाकला.

सकाळी ११.१५

आता लक्षात आलं. म्हणजे घसरण आजची नाही. दहा वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. लोकांना आत्ता कळली. हे फार महत्त्वाचं निघालं. एकटा माणूस घरात बसून एवढं शोधू शकतो.

आज ओट्यावर अप्पा गेले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतो.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

इच्छापोरला जाऊन आलो. बळीरामबाबांना समोरासमोर जाब विचारायचा, असं ठरवून अकरा प्रश्न लिहून नेले होते. दोन रिक्षा बदलून गेलो. घरापाशी पोचल्यावर आधी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, पत्ता बरोबर आहे ना ते पाहायला. पत्ता बरोबर होता.

बळीरामबाबा सत्तरीचे आहेत. हात कोपरापर्यंत मातीत. मला बघून म्हणाले, तू सुपडूचा ना, नाक त्याचंच आहे. मग लगेच विचारलं, सुपडूचा दम कसा आहे रे? मागच्या खेपेला आला होता तेव्हा या ओट्यापर्यंत चढताना दोनदा थांबला होता. मी म्हणालो, थंडी आहे. त्यांनी चहा मागवला. मग मातीचा ढीग दाखवला, ती कशी चाळतात, कशी तुडवतात ते दाखवलं. चिलमीची पोकळी जिथून निमुळती होते तिथे काडी कशी फिरवायची तेही. वडील शिकवायचे तसंच अजून, म्हणाले, एक काडी इकडची तिकडे नाही.

अकरा प्रश्नांपैकी एक विचारला: पाणी कुठलं वापरता? म्हणाले, नळाचं.

पण निघताना मला जे दिसायचं ते दिसलं. चाकाला मोटर. विजेची. मी विचारलं तर म्हणाले, हात तेच आहेत बाबा, पाय थकले म्हणून मुलाने बसवून दिली.

रिक्षात बसवेना. मोटर. सगळं जुळलं. दहा वर्षांपूर्वीचा माल खराब कसा याचं उत्तर मात्र बाकी आहे, कारण मोटर दोन वर्षांपूर्वीची आहे म्हणे. माणसं तारखा चुकवतात.

बळीरामबाबांनी निघताना अप्पांसाठी एक चिलीम दिली. त्यांच्या वडिलांच्या हातची. म्हणाले, घरात एकच उरली आहे, सुपडूला दे, त्याला बरं वाटेल. नमुना म्हणून ठेवून घेतली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बळीरामच्या वडिलांची चिलीम. काळीभोर, गुळगुळीत. अप्पांनी हातात घेतली आणि कपाळाला लावली.

झुरके ३. विश्रांती १५ मिनिटं. आईने पाठ चोळली. आईने मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, कारण ते तपासणीशी संबंधित नाही.

निष्कर्ष: घसरण बळीरामच्या वडिलांच्या काळातच सुरू झाली. आजोबांचा माल तेवढा चांगला असावा. तो आता मिळणार नाही, त्यामुळे कोणी मला खोटं पाडू शकत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ५.५०

रिपोर्ट पूर्ण. चौदा मुद्दे. शुद्धलेखन दोनदा तपासलं. ‘निकृष्ट’ हा शब्द आधी दोनदा आला होता, एक काढला. शेवटी लिहिलं: तीन पिढ्यांचं नाव असलेल्या कारागिराने विजेच्या मोटरीच्या मोहात पडून मंडळाच्या ज्येष्ठ सदस्याच्या मानाला धक्का पोचवला आहे.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कामावर जायच्या आधी टाकलेला बरा, लोक सकाळी वाचतात.

दुपारी १.२०

खात्यात जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. सत्तावीस जणांनी वाचला. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकाने विचारलं की भजनाची वेळ सातचीच आहे ना.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रिपोर्टचा परिणाम दिसायला लागला. स्टेशनाकडच्या रस्त्यावर पानवाला आहे, तो बळीरामच्या चिलमी टोपलीत ठेवायचा. आज टोपली रिकामी. विचारलं तर म्हणाला, तुमच्याच ग्रुपवर आलंय ना, खराब आहेत म्हणून. मी माल परत पाठवला, आता दुसऱ्या कोणाच्या ठेवीन.

मला वाटलं होतं आनंद होईल. झाला. पण घरी येताना माझीच गल्ली चुकलो. दुपारी नीट जेवलो नव्हतो.

अप्पांना हे सांगितलं नाही. अप्पांकडे साधा फोन आहे, त्यावर ग्रुप नाही.

१ डिसेंबर, रविवार

रंजनाताई भांडून गेली. म्हणाली, बळीरामबाबा अप्पांच्या लग्नात होते. मी म्हणालो, क्वालिटी आणि नातं वेगळं ठेवावं लागतं. ती म्हणाली, मंगळवारी दवाखान्यात नेते, तू सुट्टी घे. मी म्हणालो, मंगळवारी लॉट आहे.

मंगळवारी लॉट नाही. पण मागच्या वर्षी दगाकाका, अप्पांचे लूमवरचे जोडीदार, इथून दवाखान्यात स्वतः चालत गेले होते. एक्स-रे काढायला. पुढचं लिहीत नाही. वहीचा नियम आहे, डोळ्यांनी पाहिलेलंच. मी तेव्हा तिथे नव्हतो.

अप्पांनीच ताईला सांगितलं, महिना जाऊ दे. म्हणजे मी एकटा नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

क्र. ५. झुरके २.

विश्रांती मोजली नाही. घड्याळाचा सेल गेला असावा, काटा फार पुढे गेलेला दिसत होता.

५ डिसेंबर, गुरुवार

निरोप आला आहे. बळीरामबाबा शनिवारी स्वतः ओट्यावर येणार आहेत. सर्वांसमोर. मी रिपोर्टच्या चार प्रती झेरॉक्स केल्या. त्यांनी मोटरीचं समर्थन केलं तर काय बोलायचं, हे तीन प्रकारे लिहून ठेवलं. रस्त्याने जाताना म्हणून पाहिलं. एक बाई वळून बघत होती.

७ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ८.३०

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

अप्पा गुडघा दुखत असूनही आले. बळीरामबाबा येणार म्हटल्यावर त्यांना राहवेना. ओट्यावर चौदा-पंधरा माणसं. बळीरामबाबा रिक्षातून उतरले, पांढरा सदरा, हात स्वच्छ धुतलेले. इच्छापोरला पाहिलं तेव्हा ते कोपरापर्यंत मातीत होते. ते अप्पांशेजारी बसले. कुशल विचारलं. सुकदेवकाका म्हणाले, बळीरामदादा, पोराने काहीबाही लिहिलं, मनावर घेऊ नका.

बळीरामबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रती हातात धरल्या होत्या. मग अप्पांकडे पाहिलं. अप्पांना ओट्याच्या पायऱ्या चढून आल्यावर अजून धाप होती, ते हसून लपवत होते.

बळीरामबाबा म्हणाले, पोराने लिहिलं ते खरं आहे. यंदाची माती बिघडली. भट्टीही नीट लागली नाही. अशा चिलमीत पहिलवानाचाही दम पुरायचा नाही, मग सुपडूला का दोष देता.

सगळ्यांनी माना हलवल्या. अप्पांनी खाली पाहिलं.

म्हणजे मी जिंकलो. एकही प्रत वाटावी लागली नाही.

मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत मी म्हणालो, बाबा, तुम्ही मोकळ्या मनाने कबूल केलंत, हे फार मोठं आहे. ते थांबले. म्हणाले, माती तीच आहे, वेड्या. भट्टी तीच आहे. साठ वर्षं करतोय मी, माझ्या चिलमीत वारा अडत नाही. तुझ्या बापात अडतोय. त्याला दवाखान्यात ने. माझ्या चिलमीचं माझं मी बघीन.

हे ते विषय सोडून बोलले, असं मला तेव्हा वाटलं.

८ डिसेंबर, रविवार. पहाटे ५

कालचं वाक्य रिपोर्टमध्ये कुठे बसतं ते पाहत होतो. बसत नाही.

सकाळी १०

रंजनाताईला सांगितलं. म्हणाली, तुला एवढं कळत नाही का रे? त्या दिवशी सुकदेवकाका चिलीम खराब म्हणाले ते अप्पांची लाज राखायला. असंच म्हणतात माणसं. ताट वाकडं म्हणतात, म्हाताऱ्याचा हात थरथरतो असं म्हणत नाहीत. सगळ्या ओट्याला कळलं, तुला नाही. तू काटा घेऊन वजन करत बसलास. आणि काल त्या म्हाताऱ्याने साठ वर्षांचं नाव तुझ्या बापापायी फुंकून टाकलं.

मी म्हणालो, हे मला कोणी सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर ते राखणं कसलं?

मुद्दा क्र. १ वाचला: ‘मंडळातील ज्येष्ठांनी स्वतः तक्रार केली आहे.’ पेन्सिलने त्याखाली रेघ मारली. पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

निश्चय: महिनाअखेरीस अप्पांना दवाखान्यात नेणार. नक्की.

११ डिसेंबर, बुधवार

महिनाअखेर आली नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. सकाळी अप्पा दूध घेऊन येताना जिन्यात मधेच बसले. दुधाची पिशवी मांडीवर. आईने हाक मारली तर हाताने नुसतं थांब म्हणाले. ओठ निळे होते. मी वरून पाहिलं. पाहत राहिलो. आईने आणि रंजनाताईने त्यांना धरून खाली नेलं, रिक्षात घातलं. मी मागून दुसरी रिक्षा केली, कारण फाइल घ्यायला वर गेलो होतो. कसली फाइल तर चिलमीची. हातात तीच आली.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३

सरकारी दवाखाना. अप्पांना ऑक्सिजनचा मास्क लावला आहे, रंग बरा आहे. नर्सला म्हणाले, मास्क घट्ट आहे, आमचा खात्यातला रुमाल बरा.

डॉक्टरबाई तरुण आहेत, हिंदीत बोलतात. आधी अप्पांना एका मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. आकडा कमी आला. मी म्हणालो, मशीन नीट आहे का पाहिलंत? त्यांनी नवी नळी लावून मलाच फुंकायला सांगितलं. माझा आकडा भरपूर आला. मशीनबद्दल शेरा नाही.

मग विचारलं, त्रास कधीपासून, रोज किती वाढला, काही अंदाज? आई आणि ताई आठवायला लागल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी तक्ता पाहिला. तारीख, झुरके, खोकला, विश्रांती. पाच, चार, चार, तीन, दोन. चार मिनिटं, सहा, नऊ, पंधरा. त्यांनी ते जसंच्या तसं केसपेपरवर उतरवून घेतलं. म्हणाल्या, इतकं व्यवस्थित कोणी आणत नाही. मला बरं वाटलं.

मग म्हणाल्या, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर होतं हे. मग चार आठवडे काय करत होतात?

मी म्हणालो, चिलीम तपासत होतो.

त्यांनी पेन ठेवलं. एकतीस वर्षं लूमची धूळ आणि वरून तंबाखू, असं ताईला समजावून सांगितलं. फुप्फुस पूर्वीसारखं होणार नाही. पण औषध वेळेवर घेतलं, तंबाखू सुटली, तर चालतील-फिरतील. महिनाभर आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाल्या. ते माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या.

१५ डिसेंबर, रविवार

अप्पा घरी. उरलेल्या चिलमी मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. बळीरामबाबांच्या वडिलांची तेवढी अप्पांच्या उशाशी आहे, रिकामी.

आता शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. बळीरामबाबांचं नाव परत मिळालं पाहिजे. पानवाल्याची टोपली अजून दुसऱ्याच मालाने भरलेली आहे. पण लिहायचं काय? चिलीम चांगली होती असं लिहिलं, की दम कमी पडला हे आपोआप आलं. म्हणजे बळीरामबाबांनी जे झाकलं ते मी ग्रुपवर उघडं करणार. लिहिलं नाही तर त्यांचं नाव गेलं ते गेलंच. दोन तास येरझारा घातल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं.

१८ डिसेंबर, बुधवार

शुद्धिपत्रक तीन पानी झालं. पहिल्या पानात तपासणीची पार्श्वभूमी, दुसऱ्यात हवामान, तिसऱ्यात चिलीम आणि माणूस यांच्यातल्या ‘परस्पर जुळणीचा अभाव’. कोणाचाच दोष निघत नाही असं जमवलं आहे. ताईने वाचलं आणि म्हणाली, यात तू कुठे आहेस?

शनिवारी सकाळी टाकायचं ठरवलं.

२१ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ८

सकाळी टाकलं नाही. वाटलं, संध्याकाळी ओट्यावर सगळे असतील तेव्हा वाचूनच दाखवू. खिशात घेऊन गेलो.

अप्पा हट्टाने आले. त्यांनी बळीरामबाबांनाही निरोप देऊन बोलावून घेतलं होतं. मला माहीत नव्हतं. सुकदेवकाकांनी नेहमीप्रमाणे चिलीम भरून विस्तव ठेवला आणि अप्पांपुढे धरली, मग आठवून गडबडले आणि मागे घेऊ लागले. अप्पांनी ती घेतली. मी उभा राहिलो, कागद अर्धा बाहेर काढला.

अप्पांनी चिलीम फिरवून काठाखालच्या खुणा पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, चिलीम चांगली शे. मना दम पुरस नही. बळीराम खोटं बोलना.

मग ती सुकदेवकाकांच्या हातात दिली. म्हणाले, आते तू पेटाड.

बळीरामबाबा म्हणाले, सुपडू, तुला तोंड बंद ठेवता येत नाही का? अप्पा म्हणाले, तू कितला दिन माती खाशी? तेव्हा बळीरामबाबा हसले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. सुकदेवकाकांनी झुरका मारला. निखारा लाल. पानवालाही होता टाळ घेऊन. बळीरामबाबांना म्हणाला, दादा, सोमवारी एक टोपली पाठवा. बळीरामबाबा म्हणाले, बघतो, मोटर बिघडली आहे. आणि सगळे हसले.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. कागद परत खिशात घातला. भजन सुरू झालं. अप्पा नुसते बसले होते, टाळी मात्र तालात होती.

येताना अप्पा वाटेत चार वेळा थांबले. चारही वेळा मी एक पाऊल पुढे थांबून मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिलो. चौथ्या वेळी अप्पा म्हणाले, घडी घडी काय देखी राहिना रे त्यामा?

मी म्हणालो, नेटवर्क येत नाही.

नेटवर्क पूर्ण होतं.